जिम थॉर्पचा फुटबॉल: धावफलक वाचण्याआधी त्या वर्षीचे नियम वाचा

तिसरा_डाउन

जिम थॉर्प या अमेरिकी खेळाडूचं नाव निघालं की गाडी १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकवर जाते आणि पदकं काढून घेतली तिथे थांबते. पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं म्हणजे लहान गोष्ट नाही. पण पोटापाण्यासाठी आणि मनापासून हा माणूस वीस वर्षं खेळला तो फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. १९०७ला कार्लाइल या शाळेच्या संघात राखीव खेळाडू म्हणून सुरुवात आणि १९२८ला शिकागो कार्डिनल्सकडून शेवटचा सामना. हा धागा फक्त त्या खेळाबद्दल.

एक विनंती. थॉर्पचा कोणताही आकडा इथे टाकताना त्या वर्षी नियम काय होता तेही लिहा. या वीस वर्षांत खेळ इतक्यांदा बदलला की नियम बाजूला ठेवून धावफलक वाचणं म्हणजे षटकं किती टाकली ते न बघता धावा मोजणं.

सुरुवात ११ नोव्हेंबर १९११पासून करू. हार्वर्डच्या मैदानावर कार्लाइल १८, हार्वर्ड १५. आजच्या हिशेबाने १८ म्हणजे तीन टचडाउन (बॉल घेऊन समोरच्यांची गोलरेषा ओलांडणं) वाटतील. तसं नव्हतं. १९११मध्ये टचडाउनचे ५ गुण, त्यानंतरच्या किकचा १ आणि फील्ड गोलचे, म्हणजे चालू खेळात बॉल गोलपोस्टमधून किक केल्याचे, ३. कार्लाइलचा एकच टचडाउन झाला, त्याची किक बसली, हे झाले ६. उरलेले १२ गुण चार फील्ड गोलांचे आणि चारही थॉर्पच्या पायातून आलेले. शेवटचा सुमारे ४८ यार्डांवरून, तोही पाय दुखावलेला आणि पट्ट्यांनी बांधलेला असताना. हार्वर्डचे प्रशिक्षक पर्सी हॉटन यांनी सुरुवातीला दुसऱ्या फळीचा संघ उतरवला होता. पहिल्या फळीला मैदानात आणेपर्यंत उशीर झाला.

त्या वर्षी १० यार्ड मिळवायला तीनच डाउन, म्हणजे प्रयत्न, होते, आजच्यासारखे चार नाहीत. मैदान ११० यार्डांचं, मध्यरेषा ५५वर. तीन प्रयत्नांत १० यार्ड काढायचे तर प्रत्येक खेपेला साडेतीन यार्ड हवेत. एक धाव अडली की पुढच्या डाउनला बॉल किक करून मोकळं व्हायचं. म्हणून त्या काळात चांगला किकर हाच संघाचा कणा. थॉर्पची धाव सगळ्यांना दिसते, पण हार्वर्डचा सामना त्याच्या किकने जिंकला.


रानवाटा_७

उत्तम सुरुवात. कार्लाइलबद्दल थोडं, कारण ‘कॉलेज फुटबॉल’ म्हटलं की कार्लाइल हे कॉलेज होतं असा समज होतो. ते कॉलेज नव्हतं. कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल ही पेन्सिल्व्हेनियातली सरकारी निवासी शाळा, १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकींमध्ये सुरू केलेली. आदिवासी जमातींतल्या मुलांचे केस कापायचे, नाव बदलायचं, मातृभाषेवर बंदी घालायची आणि हस्तव्यवसाय शिकवायचा, हा तिथला कारभार. थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा, आजच्या ओक्लाहोमातला, जन्म १८८७चा. वा-थो-हक हे त्याचं जमातीतलं नाव. तो कार्लाइलला १९०४मध्ये आला.

या शाळेचा संघ हार्वर्ड, पेन, सिराक्यूज, आर्मी अशा संघांशी खेळायचा आणि बहुतेक सामने परक्या मैदानांवर. कारण साधं होतं, मोठ्या शहरात तिकीटविक्रीचा वाटा मिळायचा. म्हणजे मोसमभर आगगाडीचा प्रवास, सामना, पुन्हा प्रवास. घरच्या प्रेक्षकांचा आधार जवळजवळ नाहीच. थॉर्पच्या १९११ आणि १९१२च्या कामगिरीकडे बघताना हे विसरू नये. १९११ला संघाने ११ सामने जिंकले आणि एक हरला, सिराक्यूजविरुद्ध ११–१२. एका गुणाने.


पूर्वा_क

तो एक गुण कुठे गेला असेल ते कळायला टचडाउननंतरची किक कशी घ्यायचे ते बघावं लागतं. आज ती किक गोलपोस्टच्या बरोबर समोरून होते. तेव्हा गोलरेषा जिथे ओलांडली त्या जागेच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची, रग्बीत आजही असते तशी. कोपऱ्यात टचडाउन केला तर कोन इतका तिरपा की गोल दिसायचाच अर्धा.

त्यावर एक पळवाट होती, ‘पंट-आउट’. टचडाउन केलेल्या संघातला एकजण गोलरेषेवरून बॉल आपल्याच साथीदारांकडे पंट करायचा, म्हणजे हातातून सोडून जमिनीला लागायच्या आधी लाथेने उडवायचा. साथीदाराने तो हवेत स्वच्छ झेलला तर त्या जागेवरून गोलकडे किक मारायची मुभा. झेल सुटला की तो एक गुणही गेला. वाऱ्यात किंवा चिखलात हे फार बिघडायचं. १९२०च्या सुमारास ही पद्धत गेली. म्हणून १९२०च्या आधी ‘साधी किक चुकली’ असं वाचलं की ती साधी असेलच असं धरू नका.


घाटमाथा

ड्रॉप किक नक्की कशी मारायचे ते कोणी नीट सांगेल का? थॉर्पच्या संदर्भात तो शब्द सारखा येतो. आज तर ती कुठेच दिसत नाही.


सेंटर_स्नॅप

सांगतो. उजव्या पायाच्या किकरसाठी लिहितो, डावखुऱ्याने उलटं करावं.

सेंटर म्हणजे रेषेच्या मधोमध उभा राहून बॉल मागे देणारा, स्नॅप म्हणजे त्याने मागे दिलेला बॉल. किकर सेंटरच्या साधारण १० यार्ड मागे उभा राहतो. स्नॅप आला की बॉल दोन्ही हातांत, बाजूंनी धरायचा, उभा. वरचं टोक किंचित आपल्याकडे झुकलेलं. डाव्या पायाचं पाऊल टाकताना बॉल उजव्या पायाच्या रेषेत, अंगापासून हातभर पुढे सोडायचा. सोडायचा म्हणजे फक्त सोडायचा, खाली ढकलायचा नाही. जितक्या कमी उंचीवरून सुटेल तितकं बरं. खालचं टोक जमिनीला लागतं आणि बॉल उसळू लागतो त्याच क्षणी बुटाचं टोक त्याच्या मध्याच्या जरा खाली लागलं पाहिजे. घोटा ताठ, बोटं वर, नजर बॉलवर. पाय लागल्यानंतर सरळ गोलच्या दिशेने वर जाऊ द्यायचा.

चुकतं कुठे? वरचं टोक पुढे झुकलं तर बॉल उसळून पुढे पळतो आणि पाय त्याच्या मागे राहतो. टोक जास्त मागे झुकलं तर बॉल अंगावर येतो. कमरेच्या वरून सोडला तर मधल्या वेळात वारा त्याला फिरवतो. चिखलात तर टोक रुततं, उसळी मिळतच नाही, आणि हे कितीही सराव केला तरी सुटत नाही. अशा दिवशी प्लेस किक, म्हणजे साथीदाराने जमिनीवर धरलेल्या बॉलला किक, हाच उपाय. थॉर्प दोन्ही मारायचा.

ड्रॉप किकचा फायदाही मोठा. बॉल धरायला माणूस लागत नाही, म्हणून अडवायला दहाच्या दहा जण मोकळे. शिवाय हातात बॉल असलेला माणूस किक मारणार, धावणार की पास फेकणार हे शेवटपर्यंत कळत नाही. थॉर्पच्या बाबतीत तिन्ही शक्यता खऱ्या होत्या. बचावफळी किक अडवायला उड्या मारत आली की तो बाजूने निघून जायचा, आणि धाव अडवायला थांबली की किकला हवा तेवढा वेळ मिळायचा.


पूर्वा_क

आणि ही किक संपली ती बॉलच्या आकारामुळे. थॉर्पच्या काळातला बॉल बराच गुबगुबीत होता. १९१२च्या नियमात लांबीच्या दिशेने घेर २८ ते २८.५ इंच आणि आडवा घेर २२.५ ते २३ इंच. १९२९ला आडवा घेर अर्ध्या इंचाने उतरला आणि १९३४ला २१.२५ ते २१.५ इंच झाला. पास फेकणाऱ्याच्या हातात बॉल नीट बसावा म्हणून हे बदल. पण टोक जितकं निमुळतं तितकी उसळी बेभरवशाची. गोलसर टोकाचा बॉल जमिनीवरून जवळपास सरळ वर येतो, टोकदार कुठेही जातो. १९४१च्या मोसमाच्या अंतिम लढतीनंतर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ड्रॉप किकवर गुण मिळाला तो थेट १ जानेवारी २००६ला, डग फ्लूटीने टचडाउननंतर मारलेल्या किकवर.

फील्ड गोलच्या अंतराबद्दल एक खुलासा हवा. थॉर्प कॉलेज खेळला तेव्हा गोलपोस्ट गोलरेषेवरच असत. कॉलेज फुटबॉलमध्ये ते १९२७ला १० यार्ड मागे, शेवटच्या रेषेवर गेले. मात्र अंतर किक मारल्या जागेपासून पोस्टपर्यंतच मोजतात, त्यामुळे तेव्हाचे ४८ यार्ड आणि आजचे ४८ यार्ड बॉलच्या उड्डाणासाठी सारखेच. फरक पडतो डावपेचात. आज ४८ यार्डांची किक घ्यायची तर स्क्रिमेज रेषा, म्हणजे खेळी सुरू होते ती रेषा, गोलरेषेपासून ३१ यार्डांच्या आसपास हवी. तेव्हा ती ३८–४० यार्डांवर असली तरी चालायचं. म्हणजे मैदानाचा खूप मोठा भाग थॉर्पच्या टप्प्यात होता.


घाटमाथा

हे फार छान उलगडलं. मग पंटचं काय? थॉर्प स्वतःचा पंट स्वतःच पळत जाऊन घ्यायचा असं सांगतात, ते खरं की दंतकथा?


सेंटर_स्नॅप

नियमाला धरून होतं. किक मारणारा स्वतः आणि किकच्या क्षणी त्याच्या मागे असलेले साथीदार ऑनसाइड. त्यांना बॉल मिळवायचा पूर्ण हक्क. म्हणून लांब पंटपेक्षा उंच पंटचं मोल जास्त: बॉल हवेत चार सेकंद राहिला तर वेगवान माणूस तोवर तिथे पोहोचतो. थॉर्पचा वेग किती होता ते स्टॉकहोमला जगाने पाहिलं. बॉल खाली येताना तो झेलणाऱ्याशेजारी असायचा. प्रत्येक वेळी बॉल त्याला मिळत होता असं नाही, पण झेलणाऱ्याची नजर बॉलवरून उडायला तेवढं पुरे.


तिसरा_डाउन

आता १९१२. या वर्षी नियम मुळापासून बदलले: टचडाउनचे ६ गुण, चार डाउन, मैदान १०० यार्ड, दोन्ही टोकांना गोलरेषेमागे १० यार्डांचा पट्टा म्हणजे एंड झोन, आणि पासवर असलेली २० यार्डांची मर्यादा रद्द. म्हणजे १९११चा थॉर्प आणि १९१२चा थॉर्प दोन वेगळे खेळ खेळले म्हटलं तरी चालेल. चौथा डाउन मिळाल्यावर बॉल हातात धरून धावत राहणं परवडू लागलं आणि त्याच्या धावांचे आकडे फुगले, ते यामुळेही.

रूढ आकडा असा: १९१२मध्ये २५ टचडाउन, १९८ गुण. धावांचा आकडा १९१ वेळा बॉल घेऊन १,८६९ यार्ड, म्हणजे दर धावेला जवळपास ९.८. यात दोन सामने धरलेले नाहीत. पण हे अधिकृत आकडे नव्हेत. कॉलेजांची अधिकृत आकडेवारी १९३७पासून आणि एनएफएलची १९३२पासून. त्याआधीचं सगळं वृत्तपत्रांतले वृत्तांत एकेक खेळी लावून मोजलेलं. मोजणारा बदलला की टचडाउनही बदलतात.


रानवाटा_७

१९१२चा सगळ्यात गाजलेला सामना ९ नोव्हेंबरचा, वेस्ट पॉइंटला, तिथल्या लष्करी अकादमीच्या आर्मी संघाविरुद्ध. कार्लाइल २७, आर्मी ६. नव्या हिशेबाने चार टचडाउन आणि तीन किका.

या सामन्याबद्दल एक चूक वारंवार होते. आर्मीच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. थॉर्पला अडवताना त्याचा गुडघा गेला आणि त्याचं फुटबॉल संपलं, असं सर्रास लिहितात. तो गुडघा निकामी झाला पुढच्या टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यात आणि त्यानंतर घोडेस्वारीच्या कवायतीत. थॉर्पचं मोठेपण सिद्ध करायला या गोष्टीची गरज नाही.

दुसरी गोष्ट मात्र ठसठशीत आहे. अमेरिकी लष्कराने आदिवासींचं केलेलं वुंडेड नीचं हत्याकांड १८९०चं. त्यानंतर २२ वर्षांनी त्याच लष्कराच्या अकादमीच्या मैदानावर आदिवासी मुलांचा संघ उभा होता आणि अंगाने हलका असूनही २१ गुणांनी जिंकला. मैदानावरचे अकराही जण कोणत्या सैन्यासमोर उभे आहेत ते जाणून होते. आर्मीचा कर्णधार लिलँड डेव्होर दांडगाईबद्दल पंचांनी बाहेर काढला.


सेंटर_स्नॅप

हलक्या संघाने जड संघाला कसं हलवलं ते समजून घ्यायला पॉप वॉर्नर यांची मांडणी बघा. वॉर्नर कार्लाइलचे प्रशिक्षक आणि सिंगल विंग या मांडणीचे जनक.

सिंगल विंगमध्ये रेषेवर सात माणसं (सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल आणि टोकांना दोन एंड), पण सेंटरच्या दोन बाजूंना सारखी नाहीत. एका बाजूला चार, दुसरीकडे दोन. जड बाजूच्या एंडच्या जरा बाहेर, पाऊलभर मागे विंगबॅक. क्वार्टरबॅक गार्डच्या मागे, आणि त्याचं मुख्य काम पास फेकण्याचं नव्हतं, ब्लॉक करण्याचं होतं. मागे साडेचार-पाच यार्डांवर टेलबॅक, म्हणजे थॉर्प, आणि त्याच्या शेजारी किंचित पुढे फुलबॅक. सेंटर बॉल थेट टेलबॅककडे फेकतो, मध्ये कोणाचा हात नाही.

त्यातली हुकमी चाल ऑफ-टॅकल. एंड आणि विंगबॅक दोघे मिळून समोरच्या टॅकलला आत दाबतात. क्वार्टरबॅक बचावाच्या एंडला बाहेर ढकलतो. दोघांच्या मध्ये फट पडते. लांबच्या बाजूचा गार्ड रेषेमागून धावत येऊन त्या फटीतून सगळ्यांत आधी जातो आणि त्याच्या पाठोपाठ टेलबॅक. म्हणजे एका ठिकाणी दोघांविरुद्ध एक असा हिशेब जमवायचा. तुमचा प्रत्येक माणूस समोरच्यापेक्षा १५ किलोने हलका असला तरी त्या एका जागी दोघांचं वजन एकावर पडतं.

ही चाल बिघडायची ती बहुतेक वेळा सेंटरमुळे. सेंटर मान खाली घालून दोन पायांतून उलटं बघत बॉल फेकतो. तो टेलबॅकच्या पुढच्या पावलाला मिळाला पाहिजे. अंगावर सरळ आला तर त्याला थांबावं लागतं आणि मागून येणारा गार्ड निघून गेलेला असतो. डोक्यावरून गेला तर काही सांगायलाच नको. दुसरी चूक टेलबॅकची: फट दिसायच्या आधी वेग घ्यायचा. थॉर्प इथे वेगळा. पहिली दोन-तीन पावलं दबकत टाकायचा आणि गार्ड वळला की सुटायचा. ६ फूट १ इंच उंची, वजन साधारण १८५ पौंड, आणि इतक्या कमी जागेत दिशा बदलणारा माणूस त्या काळी दुसरा नव्हता असं माझं मत आहे.

आर्मीविरुद्ध वॉर्नर यांनी दोन्ही बाजूंना विंगबॅक ठेवून डबल विंग आणली. कोणती बाजू जड आहे तेच आर्मीला ठरवता येईना. क्वार्टरबॅक गस वेल्श, हाफबॅक अॅलेक्स अर्कासा, फुलबॅक पॉसम पॉवेल, टॅकल जो गायन ही माणसं तितकीच महत्त्वाची. एकट्या थॉर्पने सामना जिंकला असं म्हणणं या चौघांवर अन्याय आहे.


पूर्वा_क

गायनबद्दल पूर्ण सहमत. तोही पुढे कँटनच्या, व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

ऑलिंपिकचा विषय थोडक्यात मांडते, कारण व्यावसायिक फुटबॉलकडे वळण तिथूनच आहे. १९०९ आणि १९१०मध्ये थॉर्प नॉर्थ कॅरोलिनात रॉकी माउंटला पैसे घेऊन बेसबॉल खेळला. बरेच कॉलेज खेळाडू उन्हाळ्यात हेच करायचे, खोट्या नावाने. थॉर्पने स्वतःचं नाव वापरलं. जानेवारी १९१३ला बातमी छापून आली आणि पदकं गेली. नियम होता की हौशीपणाबद्दलची तक्रार स्पर्धा संपल्यापासून ३० दिवसांत करायची. इथे सहा महिने उलटून गेले होते. म्हणजे ज्या नियमांवर बोट ठेवून पदकं काढली, त्याच नियमांप्रमाणे ती काढता येत नव्हती. १९८२मध्ये निर्णय फिरला, जानेवारी १९८३ला पदकांच्या प्रतिकृती मुलांच्या हाती दिल्या, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव नोंदवायला जुलै २०२२ उजाडला. थॉर्प २८ मार्च १९५३ला गेला होता.

हौशी हा शिक्का पुसल्यावर बंधन उरलं नाही. १९१३ला न्यूयॉर्क जायंट्सशी बेसबॉलचा करार झाला. मेजर लीगमध्ये १९१९पर्यंत २८९ सामने, फलंदाजीची सरासरी .२५२. आणि १९१५पासून शरद ऋतूत फुटबॉल.


तिसरा_डाउन

१९१५ म्हणजे कँटन बुलडॉग्ज. व्यवस्थापक जॅक क्युसॅक यांनी थॉर्पला सामन्यामागे २५० डॉलर देऊ केले. शहरातल्या लोकांना वाटलं क्युसॅक दिवाळं काढणार. पण कँटनच्या सामन्यांना तोवर हजार-बाराशे माणसं यायची, ती मॅसिलॉनविरुद्धच्या दोन सामन्यांना सहा-आठ हजारांवर गेली. २५० डॉलर तिकिटांतच वसूल.

कँटन आणि मॅसिलॉन ही ओहायोतली शेजारची गावं, कट्टर वैरी. पहिला सामना १४ नोव्हेंबरला मॅसिलॉनमध्ये आणि कँटन ०–१६ असा हरला. एक टचडाउन, त्याची किक आणि तीन फील्ड गोल. हे तीन गोल मॅसिलॉनच्या गस डोराइसचे, सगळे ड्रॉप किकने. पुढे नामांकित प्रशिक्षक झालेला न्यूट रॉक्नीही त्याच संघात. म्हणजे थॉर्पचं हत्यार थॉर्पवरच चाललं.

परतीचा सामना २८ नोव्हेंबरला कँटनमध्ये. कँटन ६, मॅसिलॉन ०. टचडाउन एकही नाही. थॉर्पचे दोन फील्ड गोल, एक ड्रॉप किक आणि एक प्लेस किक.


रानवाटा_७

त्या सामन्याचा शेवट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण व्यावसायिक फुटबॉल तेव्हा कोणत्या अवस्थेत होता ते त्यातून दिसतं. तिकिटं इतकी खपली की माणसं एंड झोनमध्ये उभी. त्यामुळे दोन्ही संघांनी आधीच ठरवलं: गर्दीत घुसलेल्या खेळाडूने बॉल घेऊनच बाहेर यायचं. शेवटच्या मिनिटांत मॅसिलॉनच्या एंडने पास झेलला, गोलरेषा ओलांडली, गर्दीत शिरला आणि बॉल सुटला. कँटनच्या खेळाडूने तो धरला. पंचांनी टचडाउन नाकारला. प्रेक्षक मैदानात उतरले, सामना तिथेच थांबला. पंचांनी निकाल लेखी, लिफाफ्यात बंद करून दिला आणि मध्यरात्रीनंतरच वाचायचा अशी अट घातली, तोवर आपण गावाबाहेर पडलेले असू म्हणून. झेलणाऱ्याचं म्हणणं होतं की गणवेशातल्या एका माणसाने लाथ मारून बॉल उडवला. कालांतराने उलगडा झाला: तो ट्रामचा कंडक्टर होता.

प्रेक्षक कुठे उभे राहणार, पंच कोण, खेळाडू आज या गावाकडून आणि पुढच्या रविवारी त्या गावाकडून खेळला तर काय, याचं उत्तर देणारी संस्थाच नव्हती. ती गरज १९२०ला भागली. कँटनमध्येच, राल्फ हे यांच्या हुपमोबिल मोटारींच्या दुकानात, १७ सप्टेंबर १९२०ला संघमालक जमले. सदस्यत्वाचे १०० डॉलर ठरले. अध्यक्ष म्हणून थॉर्पला निवडलं ते कारभारासाठी नव्हे, वृत्तपत्रांत मथळा यावा म्हणून. पुढच्या वर्षी जो कार अध्यक्ष झाले आणि १९२२ला संघटनेचं नाव नॅशनल फुटबॉल लीग झालं.


घाटमाथा

एनएफएलमधले त्याचे आकडे अगदीच साधे का आहेत? ५२ सामने आणि सहाच टचडाउन?


तिसरा_डाउन

वय बघा. १९२०ला तो ३३चा. १९०७पासून हाणामारी झेललेली, तीही बचाव आणि आक्रमण दोन्हीकडे पूर्ण ६० मिनिटं. हेल्मेट ऐच्छिक, एनएफएलमध्ये ते १९४३ला सक्तीचं झालं. शिवाय उन्हाळ्यात बेसबॉल. त्याची खरी उमेदीची व्यावसायिक वर्षं १९१५ ते १९१९, आणि ती एनएफएलच्या नोंदीत येतच नाहीत. १९१६ला कँटनने नऊ सामने जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. १९१९लाही तसंच. ५२ सामन्यांवरून थॉर्प तोलणं म्हणजे झाडाची पानगळ बघून त्याचा मोहर ठरवणं.


सेंटर_स्नॅप

त्याच्या एनएफएलमधल्या वर्षांपैकी दोन ओरँग इंडियन्सची. लारू हे ओहायोतलं छोटंसं गाव. तिथे वॉल्टर लिंगो एअरडेल जातीच्या कुत्र्यांचा व्यवसाय करायचे, एकेक कुत्रा १५० डॉलरला. त्यांनी १०० डॉलर भरून लीगमधला संघ घेतला, म्हणजे एका कुत्र्याहून स्वस्तात. सगळे खेळाडू आदिवासी, थॉर्प खेळाडू आणि प्रशिक्षक. गावात मैदानच नव्हतं, म्हणून घरचे सामने मॅरियनला आणि बाकी सगळे बाहेर.

१९२२ला तीन विजय, सहा पराभव. १९२३ला एक विजय, दहा पराभव. खेळ बिघडण्याची कारणं स्पष्ट आहेत. मालकाला संघ हवा होता कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी. खेळाडूंना कुत्र्यांचं प्रशिक्षण करावं लागे, आणि मध्यंतरात विश्रांतीऐवजी कुत्र्यांचे आणि कुऱ्हाडफेकीचे खेळ दाखवावे लागत. मध्यंतर हा दोन्हीकडे खेळणाऱ्या माणसाचा श्वास घ्यायचा एकमेव वेळ. तो गेला की तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाय जड होतातच. थॉर्प, गायन, पीट कॅलक यांसारखे मोजके सोडले तर बाकीच्यांचा अनुभव तुटपुंजा. नवलाई ओसरल्यावर दुसऱ्या वर्षी प्रेक्षकही घटले आणि संघ बंद झाला.


रानवाटा_७

आणि त्या खेळाडूंना सजवून, पिसांचे मुकुट घालून लोकांसमोर नाचवलं, त्या साली त्यांतल्या अनेकांना अमेरिकेचं नागरिकत्वही नव्हतं. सगळ्या आदिवासींना ते मिळालं १९२४च्या कायद्याने. ओरँगच्या पराभवांची थट्टा करणारे लेख वाचून वाईट वाटतं. हरलेल्या सामन्यांमागे माणसांना कसं वापरलं ते आधी लिहावं.


पूर्वा_क

शेवटची वर्षं पटकन: १९२४ला रॉक आयलंड इंडिपेंडंट्स, १९२५ला न्यूयॉर्क जायंट्सकडून (बेसबॉलचा नव्हे, त्याच नावाचा फुटबॉल संघ) काही सामने आणि पुन्हा रॉक आयलंड, १९२६ला पुन्हा कँटन. १९२८च्या थँक्सगिव्हिंगला, वयाच्या ४१व्या वर्षी, कार्डिनल्सकडून बेअर्सविरुद्ध थोडा वेळ. कार्डिनल्स ०–३४ हरले.


घाटमाथा

एक व्यावहारिक प्रश्न. ओहायो-पेन्सिल्व्हेनिया भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना यातलं काय प्रत्यक्ष बघता येईल?


तिसरा_डाउन

कँटनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम आधी. प्रवेशाच्या घुमटाखालीच थॉर्पचा पुतळा आहे, बॉल काखेत घेऊन धावणारा. १९६३च्या पहिल्या तुकडीत त्याचं नाव आहे. मॅसिलॉन तिथून अगदी जवळ, त्यामुळे १९१५च्या दोन्ही सामन्यांची गावं एका दुपारी होतात. कार्लाइलची शाळा १९१८ला बंद झाली. त्या जागी आज आर्मी वॉर कॉलेज आहे, म्हणजे लष्करी तळ. आत जायचं तर सरकारी ओळखपत्र आणि आधी चौकशी हवी. तिथे दफन केलेल्या मुलांच्या थडग्यांची रांग रस्त्यालगत आहे, ती चुकवू नका. आणि पूर्व पेन्सिल्व्हेनियात जिम थॉर्प याच नावाचं गाव आहे, आधीचं मॉक चंक. थॉर्पचं दफन तिथे आहे, जरी तो हयातीत त्या गावाचा नव्हता. मुलांनी अवशेष ओक्लाहोमात, जमातीच्या भूमीत नेण्यासाठी न्यायालयात दाद मागितली होती. ती मान्य झाली नाही.

सेंटर_स्नॅप, सिंगल विंगमधल्या पासबद्दलही लिहा. १९१२ला २० यार्डांची मर्यादा गेली तरी पास रेषेच्या ५ यार्ड मागूनच फेकायचा होता. टेलबॅक नेमका तिथेच उभा असतो. थॉर्पच्या पासबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.


सेंटर_स्नॅप

लिहितो. गुबगुबीत बॉल बोटांत मावत नाही, म्हणून तळहातावर ठेवून, पंजा पूर्ण पसरून फेकायचा. अंतर २५–३० यार्डांपुढे गेलं की बॉल डगमगतो. म्हणून वॉर्नर लांब पासपेक्षा विंगबॅक बाहेर धावताना दिलेला छोटा पास पसंत करायचे. आकृत्या काढून पुढच्या प्रतिसादात टाकतो.